नववीतली पाहुणी

सत्तर सालच्या जुलैत डेन्मार्कची एक मुलगी आमच्या घरी राहायला आली आणि पुढच्या एप्रिलपर्यंत नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या हायस्कुलात माझ्या शेजारी नववीत बसली. ती कर्जतला यायची नव्हतीच. नगरमधल्या एका मंडळानं परदेशी विद्यार्थ्यांना वर्षभर आपल्याकडे शिकायला आणायचं ठरवलं होतं आणि ही मुलगी नगरच्या एका डॉक्टरांकडे राहणार होती. तिचं तिकीट निघालं आणि डॉक्टरांच्या घरात मोठं आजारपण आलं. माझे वडील, अण्णा, आमच्याच हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्या आठवड्यात ते शाळेच्या कामासाठी नगरला गेले होते. मंडळाचे लोक काळजीत बसलेले बघून ते म्हणाले, "आमच्याकडे राहील की." आईला हे संध्याकाळी कळलं.

"किती दिस?" आईनं विचारलं.

"शाळेचं एक वर्ष."

"आन् खाईल काय?"

"आपण खातो तेच."

"आन् बोलंल कुणाशी? तुमी दिसभर साळंत."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. अण्णांनी मला लहानपणापासून रोज दहा इंग्रजी वाक्यं लिहायला लावली होती, पण त्यातलं एकही मी कुणाशी बोलले नव्हते. इंग्रजी सोडा, मी मराठीतही वर्गात तोंड उघडत नसे.

ती आली ती दुपारच्या एसटीनं. पाठीवर मोठी पिशवी, हातात ट्रंक, केस कानापर्यंत कापलेले. माझ्याहून एक वर्षानं मोठी आणि वीतभर उंच. स्टँडवरची सगळी माणसं जागच्या जागी थांबून बघायला लागली. पानवाल्यानं हातातलं पान तसंच धरून ठेवलं होतं. तिनं मात्र सगळ्यांना एकदमच नमस्कार केला, वळून वळून, चारी दिशांना. आई मागं उभी होती. ती हळूच म्हणाली, "अगं, ही खाटंवर मावंल का?" मावली नाही. अण्णांनी खाटेच्या पायथ्याला माझी पुस्तकांची पेटी लावली, तेव्हा कुठं तिचे पाय टेकले.

तिचे आईवडील शेतकरी होते आणि त्यांच्या घरी दुधाच्या गाई होत्या. त्यामुळे आमच्या घरातलं पहिलं काम तिनं स्वतःच शोधलं. परसात आमची एक गावरान गाय होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बादली घेऊन गाईजवळ बसली आणि गाईनं बादलीला लाथ घातली. तिनं परत प्रयत्न केला, गाईनं परत लाथ घातली. आई हसून हसून भिंतीला टेकली. मग आईनं आपलं जुनं लुगडं तिच्या अंगावर गुंडाळलं, डोक्यावरून पदर दिला आणि म्हणाली, "आता बस. आन् तुझ्या बोलीत बोलू नगं तिच्याशी." गाय उभी राहिली. त्या दिवसापासून सकाळची धार तिची. या दोघींना माझी गरज कधी फारशी पडली नाही. एक मराठीत बोलायची, दुसरी डॅनिशमध्ये, आणि चहा वेळेवर व्हायचा.

शाळेत मात्र माझ्यावाचून तिचं चालायचं नाही. अण्णांनी पहिल्याच दिवशी हात झटकले होते. "शाळेत मी तिचा यजमान नाही, मास्तर आहे," ते म्हणाले. "पाहुणी तुझी. सांभाळ तूच."

शाळा अकराला भरायची. आम्ही साडेदहाला निघायचो. नववीपासून मुलींना पांढरी, निळ्या काठाची साडी होती. तिला ती घोट्याच्या वर यायची आणि चालताना तिचं पाऊल एवढं लांब पडायचं की रोज वाटेत कुठं तरी निऱ्या सुटायच्या. आई रोज एक सेफ्टी पिन वाढवत गेली. प्रार्थना, प्रतिज्ञा, मग हजेरी. आपलं नाव आलं की "हजर" म्हणायचं, हा तिनं शिकलेला पहिला मराठी शब्द. ती तो इतक्या मोठ्यानं म्हणायची की शेजारच्या वर्गातली मुलं हसायची.

वर्गात चाळीसेक मुलगे आणि आम्ही नऊ मुली. आमची रीत अशी होती की गुरुजी वर्गात येईपर्यंत मुली बाहेर व्हरांड्यात भिंतीला लागून उभ्या राहायच्या. गुरुजी आले की त्यांच्या मागोमाग खाली मान घालून आत जायचं, दाराजवळच्या तीन बाकांवर बसायचं. तास संपला की गुरुजींच्या आधी बाहेर. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी तिला हे सांगायचं मला सुचलंच नाही, कारण ते सांगण्यासारखं काही आहे हेच मला ठाऊक नव्हतं. घंटा झाल्यावर ती सरळ वर्गात गेली आणि बाकावर बसली. आतली चाळीस मुलं एकदम उठली आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडली. गणिताचे सर आले तेव्हा मुलगे एका व्हरांड्यात, मुली दुसऱ्या व्हरांड्यात आणि वर्गात ती एकटी, वही उघडून तयार. सरांनी दोन्हीकडे बघितलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "या, सगळेच या."

मधली सुट्टी दोनला व्हायची. आम्ही निंबाखाली डबे उघडायचो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी मेथी. चटणीनं पहिल्या दिवशी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं ती संपवली. मग इकडंतिकडं बघत तिनं मला विचारलं, "मुलींनी जायची जागा कुठे आहे?"

मला कळलं नाही असं मी दाखवलं. तिनं परत विचारलं, साध्या शब्दांत.

"घरी," मी म्हणाले. आमचं घर पाच-सात मिनिटांवर होतं.

"आणि ज्यांचं घर लांब आहे त्या?"

मी म्हणाले, "त्या पाणी पीत नाहीत."

हे वाक्य मी इंग्रजीत बोलले आणि बोलल्यावर माझं मलाच ते ऐकू आलं. मराठीत आम्ही ते कधी बोललोच नव्हतो. शाळेच्या मागे बाभळीचं रान होतं, मुलगे तिकडं जायचे. आम्ही नऊजणींनी पाण्याच्या माठाकडे बघायचं नाही हे आठवीतच आपोआप शिकून घेतलं होतं. कुणाच्या आईनं सांगितलं असेल, कुणी दुसरीचं बघून शिकली असेल. पाहुणीनं डबा बंद केला. ती माझ्याबरोबर घरी आली आणि दुसऱ्या दिवशी येताना तिनं आणखी दोन मुलींना हाताला धरून आमच्या घरी आणलं. आईनं एक शब्द न विचारता मोरीचं दार दाखवलं. तेव्हापासून रोज दोनला आमच्या घरी दोघी-तिघी यायच्या. पण सगळ्यांना ते जमायचं नाही. सुट्टी अर्ध्या तासाची आणि काहींना लोकांच्या घरी जायची लाज.

त्यातली एक माझी मैत्रीण होती. ती वाडीवरून यायची, साडेतीन मैल चालत. सकाळी नऊला निघायची ती संध्याकाळी सव्वासहाला घरी पोचायची. गणितात मुलग्यांच्याही पुढे. आमच्या घरी चल म्हटलं की म्हणायची, "नगं. मला सवं झालीया."

इकडं माझं दुभाष्याचं काम सुरू झालं होतं. आमचे हेडसर भला माणूस. काळा कोट, हातात छत्री. परदेशी पाहुणी आपल्या शाळेत आहे याचा त्यांना केवढा अभिमान! पण तिचं इंग्रजी ऐकताना ते नुसतं "यस, यस" म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मग मी सांगायचे, "सर, ती म्हणते की…"

एकदा तिनं सांगितलं की वर्गात ऊन येतं, बाकं जरा सरकवली तर बरं. मी सांगितलं, "सर, ती म्हणते की ऊन येतं, बाकं सरकवायला हवीत." आणि मग काय झालं कोण जाणे, पुढचं वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं. "आणि ती म्हणते की मुलींना पण वाचनालयातली पुस्तकं घरी न्यायला मिळावीत." पुस्तकांचं कपाट मुलग्यांसाठी शनिवारी उघडायचं. मुलींनी कधी मागितलंच नव्हतं म्हणून आम्हाला मिळत नव्हतं. हेडसर लगेच म्हणाले, "अरे, हो हो! तिला सांग, पुढच्या शनिवारपासून."

पुस्तकं मिळाली. पहिल्या शनिवारी मी घरी जाताना दोन पुस्तकं छातीशी धरून चालत होते आणि मला वाटत होतं, काय सोपं आहे हे! मग मी ते वारंवार केलं. ती म्हणते, मुलींना पण रिंग खेळायला मैदान हवं. ती म्हणते, विज्ञानाच्या तासाला मुलींना पण उपकरणाला हात लावू द्यावा. तिच्या डोक्यात यातलं काहीच नसायचं. ती बिचारी खडू, सुट्टी, परीक्षेच्या तारखा असलं काही विचारायची. माझा आवाज मात्र "ती म्हणते" म्हटलं की खणखणीत यायचा. ते दोन शब्द काढले की घशात काही उरत नसे.

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळा भरली. वाडीची मैत्रीण आली नाही. एक आठवडा, दोन आठवडे. शनिवारी सकाळची शाळा असायची. त्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी चालत वाडीवर गेलो. शेतात ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसं अजून बाहेर पडायची होती. मैत्रीण घराबाहेर वाकळेवर बसली होती, चेहरा ओढलेला. तापानं अंथरुणाला खिळली होती, आता कुठं उठून बसत होती. लघवीला जळजळ, कंबर दुखणं, मग थंडी वाजून ताप. तिच्या वडलांनी तिला बैलगाडीतून कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, पोरगी पाणी पीत नाही आणि धरून ठेवते, असं केलं तर परत होईल.

तिचे वडील गोठ्यातून आले. साधा माणूस. पाहुणीला बघून त्यांनी घोंगडी झटकून टाकली आणि आम्हाला बसायला सांगितलं.

"काका, हिला परत कधी पाठवणार?" मी विचारलं.

"न्हाई पाठवत," ते म्हणाले. रागानं नाही, सरळ सांगावं तसं. "सातवी हुईस्तवर हितं गावात साळा हुती. पुढं तिनं हट्ट क्येला, म्या धाडली. माझी ना न्हवती. पर साळा काय पोरीच्या जिवापरीस मोठी हाय का? तुमीच सांगा."

 मैत्रीण भुईकडे बघत होती. तिच्या शेजारी गणिताचं पुस्तक होतं आणि त्यात काडी घातलेली होती. आजारपणातही ती पुढचे धडे सोडवत होती.

वाटेत पाहुणीनं मला विचारलं, वडील काय म्हणाले. मी सांगितलं.  मग ती म्हणाली, "आपण हेडसरांकडे जाऊ."

सोमवारी आम्ही त्यांच्या खोलीत उभ्या राहिलो. तिनं इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली. आमची एक मैत्रीण आजारी आहे, आणि मुलींसाठी शाळेत काही सोय बांधता येईल का? बस. मी श्वास घेतला.

"सर, ती म्हणते की मुलींना सकाळपासून संध्याकाळपर्यंत जायला जागा नाही. ती म्हणते, आम्ही दिवसभर पाणी पीत नाही. ती म्हणते, पावसाळ्यात, थंडीत, पाळी असते तेव्हा…" इथं माझं मलाच नवल वाटलं, हेडसरांनी छत्रीवरची नजर वर केली नाही. "तेव्हा मुली चार-चार दिवस घरी राहतात आणि मग परीक्षेत मागे पडतात आणि घरचे म्हणतात, हिला अभ्यास जमत नाही. ती म्हणते की हे बरोबर नाही."

"नाही, सर," ती म्हणाली.

मराठीत म्हणाली. पाच महिने रोज शाळेत आणि घरी आईपाशी बसून तिला कितीतरी समजायला लागलं होतं, मला मात्र ते समजलं नव्हतं.

"मी हे नाही म्हटली," ती एकेक शब्द शोधत म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बोट केलं. "ही म्हणते."

 हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तू म्हणतेस?" त्यांनी मला विचारलं.

 पळून जावंसं वाटत होतं. पाहुणी माझ्या शेजारी उभी होती, पण आता तिच्या मागं लपायला जागा नव्हती.

"हो सर," मी म्हणाले. "मी म्हणते."

त्यांनी छत्री टेबलाला टेकवली. मग म्हणाले, "मग तसं लेखी दे. तुझ्या वर्गातल्या सगळ्या मुलींच्या सह्या घेऊन. संस्थेपुढं ठेवायला माझ्या हातात काहीतरी पाहिजे." आणि आम्ही दाराशी पोचल्यावर हळूच म्हणाले, "माझी मुलगी पुण्याला शिकते. मी तिला कधी विचारलं नाही हे."

मी बाहेर आले आणि तिच्याशी बोलणं बंद केलं. तिनं मला हेडसरांपुढं उघडं पाडलं असं मला वाटत होतं. दोन दिवस एकाच खोलीत राहून, एकाच वाटेनं शाळेत जाऊन आम्ही एक शब्द बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "काय गं, दोघींच्या तोंडाला कुलपं का? गाय बी तिकडं दूध चोराया लागली."

मग तिनंच सुरुवात केली. इंग्रजीत नाही, मराठीत, म्हणजे भांडणातसुद्धा ती माझ्या अंगणात आली. "मी एप्रिलला जाणार. मग तू कुणाचं नाव सांगशील?"

 मी परातीतलं पीठ उगाच सारखं करत बसले.

"तू आधीपासून ओळखलं होतंस?" मी थोड्या वेळानं विचारलं.

"पुस्तकाच्या कपाटापासून," ती म्हणाली आणि हसायला लागली. "मी एवढं थोडं बोलायची आणि तू एवढं लांब! मला वाटलं, मराठी फार लांब भाषा आहे."

मलाही हसू आलं. आईला काही कळलं नाही, पण ती पण हसली.

अर्ज लिहायला बसलो तर पहिल्या ओळीलाच अडलो. त्या जागेला काय म्हणायचं? एकजण म्हणाली 'प्रसाधनगृह' लिहा, तिनं तो शब्द वर्तमानपत्रात वाचला होता. दुसरी म्हणाली 'मुलींसाठी सोय' एवढंच पुरे. तिसरीला भीती, वडलांनी सही बघितली तर? शेवटी जागा कोरी सोडून सात जणींनी सह्या केल्या आणि आठवी माझी. नववी सही वाडीवर होती. शनिवारी आम्ही कागद घेऊन परत वाडीवर गेलो. मैत्रिणीनं तो वाचला आणि कोरी जागा दाखवून विचारलं, "हितं काय?"

"तेच ठरत नाही," मी म्हणाले.

"मुतारी ल्ह्या की. दुसरं काय म्हनत्यात तिला?" ती म्हणाली. तिनं माझ्या हातातून पेन घेतलं, कोऱ्या जागेत तो शब्द ठळक अक्षरात लिहिला आणि खाली सही केली.

तिचे वडील बाजूला बसून बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं. "वाच मोठ्यानं," ते म्हणाले. तिनं अख्खा अर्ज वाचून दाखवला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बांधनार कशाची?"

आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो. एवढा विचार आम्ही केलाच नव्हता.

"आमच्या हिरीचा दगुड पडलाय बांधाला, दोन वर्सं. घेऊन जा. गाडी माझी." आणि मग मुलीकडे वळून, "बांधून झाली तर जा तू. न्हाई झाली तर न्हाई."

घरी गेल्यावर मी अण्णांना अर्ज दाखवला. त्यांनी लाल शाई उघडली, म्हणून मला धास्ती वाटली. त्यांनी एक वेलांटी दुरुस्त केली आणि कागद परत दिला. "सोमवारी हेडसरांना नेऊन दे," एवढंच म्हणाले. पण रात्री जेवताना त्यांनी मला आपल्या पानातला गुळाचा खडा दिला. लहानपणी पहिलं इंग्रजी वाक्य लिहिलं तेव्हा दिला होता तसा.

संस्थेकडून लवकर उत्तर आलं नाही. हेडसरांनी वाट बघितली नाही. नाताळच्या सुट्टीनंतर शनिवारची शाळा सुटली की श्रमदान, असं त्यांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं. कशासाठी ते सांगताना त्यांनी दोनदा खोकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "मुलींच्या… कामासाठी." मुलगे खालच्या मानेनं हसले. पण खड्डा खणायला दहावीचे मुलगेच पुढे आले आणि आपल्या गावातल्या विहिरींवर काम केलेले दोघे-तिघे असे निघाले की त्यांच्यापुढे गवंड्याला बोलायचं काम राहिलं नाही. मैत्रिणीचे वडील दगडाच्या तीन गाड्या घेऊन आले. पहिल्या गाडीत दगडांवर पोतं टाकून मैत्रीण बसलेली होती. बांधून व्हायच्या आधीच.

"काका, तुम्ही तर म्हणाला होता…" मी म्हणाले.

"व्हय, म्हनलो हुतो," ते म्हणाले. "पर तिनं डोकं खाल्लं माझं. आन् आता बांधत्यातच हाईत, म्हनलं बघू द्यावं."

मैत्रिणीला आम्ही दगड उचलू दिले नाहीत. ती बसून दोरी धरायची आणि भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, आहे का ते सांगायची. पाहुणीनं पदर कमरेला खोचला होता आणि ती दगड असे उचलायची की वाडीचे काका म्हणाले, "ही पोरगी आमच्याकडं ऱ्हायली तर मी दुसरी हीर पाडीन." हे मी तिला सांगायच्या आधीच तिला कळलं होतं. "पाडा! पाडा!" ती ओरडली आणि तिच्या त्या बोलण्यावर सगळी शाळा हसली.

आई दर शनिवारी दुपारी कळशीभर ताक पाठवायची. ताक प्यायला मुलींनी पहिल्यांदा मनापासून हात पुढं केले.

फेब्रुवारीच्या अखेरीला काम संपलं. दगडाच्या चार भिंती, वर पत्रा, आतून कडी असलेलं लाकडी दार आणि बाहेर पाण्याचा रांजण. उद्घाटन करायचं का, असं कुणीतरी हेडसरांना विचारलं तेव्हा ते इतके लाजले की तो विषय तिथंच मिटला. शिपाईमामांनी सोमवारी प्रार्थना झाल्यावर मुलींच्या रांगेत येऊन नुसतं सांगितलं, "उघडलंय." कुणी पहिल्यांदा जायचं यावर आमच्यात एवढी ढकलाढकली झाली की भूगोलाचा तास निम्मा निघून गेला. गुरुजी रागावले नाहीत.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत माझी मैत्रीण माठाजवळ गेली. तिनं ओगराळं भरलं आणि उभ्या उभ्या एका दमात पाणी प्यायली. मग दुसरं भरलं.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. पाहुणीला सगळे विषय नव्हतेच, पण तिनं हट्टानं मराठीचा पेपर दिला. 'माझी शाळा' या निबंधात तिनं लिंगाच्या अठ्ठावीस चुका केल्या, असं मराठीच्या बाईंनी सांगितलं आणि तरी तिला पास केलं. तिच्या निबंधातलं एक वाक्य बाईंनी वर्गात वाचून दाखवलं होतं. 'इथे सकाळी सगळे एकदम गातात, मग सगळे एकदम गप्प बसतात, आणि मला दोन्ही आवडतो.'

ती गेली त्या दिवशी स्टँडवर बरीच मंडळी आली होती. रडणं झालं, पण फार नाही, कारण एसटी आल्याबरोबर जागा धरायची गडबड उडाली. मैत्रिणीच्या वडलांनी पाहुणीसाठी ज्वारीच्या वाळवलेल्या हुरड्याचं एक गाठोडं आणलं होतं. ते ट्रंकेत मावेना, म्हणून तिनं ट्रंकेतून आपले बूट काढले, आमच्याकडे दिले आणि गाठोडं आत ठेवलं.

पहिलं पत्र जुलैत आलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं देवनागरीत. तिनं लिहिलं होतं की तिकडच्या शाळेत तिला मागच्याच वर्गात बसायला लावलंय, कारण इकडचं वर्ष तिथं धरत नाहीत. आणि गुरुजी वर्गात आले की ती एकटीच उठून उभी राहते, अख्खा वर्ग हसतो, पण पायांना सवय लागली आहे. शेवटी लिहिलं होतं, उत्तर मराठीत लिही, मी शब्दकोश घेऊन बसेन.

मी तिला चार पानं लिहिली. आठवीत यंदा वाड्यावस्त्यांवरून सात नव्या मुली आल्यात, ते लिहिलं. आमच्या मैत्रिणीनं गणितात शाळेत पहिला नंबर काढला आणि आता तिला अकरावी मॅट्रिक होऊन नगरला जायचं आहे, तिचे वडील अजून हो म्हणाले नाहीत पण नगरला जाणाऱ्या एसटीच्या वेळा विचारत होते, ते लिहिलं. आणि सर्वांत शेवटी, फार विचार करून, लिहिलं की दहावीच्या वर्गात मी परवा हात वर केला. प्रश्न इतिहासाचा होता. उत्तर चुकलं. सर म्हणाले, बस खाली, पण पुढच्या वेळी परत विचारीन.